अठरा सेंटिमीटर

आठवीच्या वर्गात माझं नाव ट्यूबलाइट होतं. हजेरीपटावर दुसरं होतं, पण ते फक्त हजेरीच्या वेळीच कानावर पडायचं. फळ्यावरचं गणित सगळ्यांचं उतरवून झालं की मी शेजारणीच्या वहीत डोकावून उतरवायला लागायची. चेंडू छातीवर आदळला की मग माझे हात पुढे व्हायचे. गॅदरिंगच्या नाचात मी कायम अर्धा ठोका मागे. एका बाईंनी मला भर वर्गात उभं करून विचारलं होतं, "तुझ्याकडे वीज उशिरा येते का गं?" वर्ग हसला. मीही हसले, जरा उशिरानं.

साल 1979. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. अण्णा साखर कारखान्यात काट्यावर कारकून होते. उसाच्या गाड्यांची वजनं लिहून घ्यायची, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर आली की वजाबाकी करायची, एवढं त्यांचं काम. घरी मला कुणी मंद म्हणत नसे, पण आई कुठलीही गोष्ट मला दोनदा सांगायची आणि धाकट्या भावाला एकदा. मुलांना हे बरोबर कळतं.

खो-खोच्या संघात मी गेले ती गुणांमुळे नव्हे. संघाला तेव्हा बारा मुली लागायच्या आणि पीटीच्या सरांकडे अकराच जमल्या होत्या.

सरांविषयी लिहायचं तर आधी त्यांच्या वहीविषयी लिहायला हवं. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या कडा झिजून गोल झालेली, शिवणीत पेन्सिल खोचलेली. शिट्टी गळ्यात आणि वही काखेत, याशिवाय सर कुणाला दिसले नसतील. त्या वहीत सगळं असायचं. कोण किती वाजता मैदानावर आलं, कुणी किती फेऱ्या मारल्या, शाळेच्या किती दोऱ्या तुटल्या, सामन्याच्या दिवशी किती केळी आणली आणि किती उरली. सर उदार वगैरे मुळीच नव्हते. हिशेबी होते. केळी मोजून देत.

पहिल्याच आठवड्यात रुमालाची धाव घेतली. सर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पांढरा रुमाल वर धरून उभे. रुमाल सोडला की आम्ही सुटायचं. चारदा धावलो आणि चारही वेळा मी शेवटी निघाले. पोरी आपापसात ट्यूबलाइट, ट्यूबलाइट करत होत्या, ते सरांच्याही कानावर गेलं असणार. पाचव्या वेळी त्यांनी कुणालाही न सांगता रुमाल सोडलाच नाही, नुसता उजवा पाय आपटला. कडेची एक मुलगी फसून निघाली आणि तिच्या मागोमाग मी.

सर चालत आले. मला वाटलं, ओरडणार. ते म्हणाले, "तू रुमाल बघत नाहीस. शेजारणीचे पाय बघतेस."

खरंच होतं ते. पण रुमाल बघायचा असतो म्हणजे काय, हे मला कुठं ठाऊक होतं? त्या अंतरावर मला सर म्हणजे एक उभी खाकी रेघ दिसायची. सगळ्यांना तसंच दिसत असेल, आणि बाकीच्या पोरी माझ्यापेक्षा हुशार असल्यामुळे त्यांना त्या रेघेवरून कळत असेल, असं मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मधल्या सुट्टीत मला प्रयोगशाळेच्या ओट्यापाशी बोलावलं. हातात लाकडी फूटपट्टी, तीस सेंटिमीटरची. "बस. हात ओट्यावर. मनगट बाहेर. चिमटी उघडी ठेव, बोटभर." मग त्यांनी पट्टी वरच्या टोकाला धरली आणि शून्याची खूण माझ्या अंगठ्याच्या वरच्या कडेला आणून टांगती ठेवली. "मी सोडीन. तू धर. हात खाली न्यायचा नाही, चिमटीच मिटायची."

पट्टी सुटली आणि माझ्या बोटांमधून सरळ ओट्याखाली गेली.

सरांनी वहीत लिहिलं, "सु."

"सर, ती चुकून सुटली. पुन्हा."

"चुकूनच सुटते," सर म्हणाले. "लिहिलं."

वहीचा नियम होता, खोडायचं नाही. पहिल्या तीन खेपा सरावाच्या, पण त्याही लिहायच्या. पुढच्या पाच मोजायच्या, त्यांतली सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वाईट बाजूला ठेवून उरलेल्या तिन्हींची सरासरी काढायची. माझी सरासरी आली अठरा सेंटिमीटर. सर वहीची मागची पानं उलटत राहिले. मग वही माझ्याकडे वळवून त्यांनी एका ओळीवर पेन्सिल टेकवली. आमच्या संघाच्या कर्णधाराची ओळ होती. सतरा.

त्या एका सेंटिमीटरचा अर्थ मला पुढे कॉलेजात कळला. पडणारी वस्तू किती पडली यावरून किती वेळ गेला हे काढता येतं, गुरुत्वाकर्षण सगळ्यांना सारखंच. दहा सेंटिमीटर म्हणजे 0.14 सेकंद, अठरा म्हणजे 0.19, आणि अख्खी तीसची पट्टी म्हणजे साधारण पाव सेकंद. कर्णधार आणि मी यांच्यात सेकंदाच्या दोनशेव्या हिश्शाएवढा फरक होता. पण त्या दिवशी मला एवढंच दिसलं, की सतरा आणि अठरा हे आकडे शेजारी शेजारी असतात.

सर मात्र तिथं थांबले नाहीत. मला मैदानावर नेलं, दहा पावलांवर उभे राहिले आणि विचारलं, "डाव्या हातात काय आहे?"

"रुमाल."

"हात रिकामा आहे."

आणखी पाच पावलं मागे गेले. "बोटं किती?" मी तीन म्हटलं. त्यांनी बोट वर केलंच नव्हतं.

शाळेत चार वर्षं माझ्याबद्दल जे काही ठरलं होतं, ते त्या मधल्या सुट्टीत, घंटा व्हायच्या आत मोडीत निघालं. हात मंद नव्हता. डोक्यातही वीज वेळेवर येत होती. जे दिसतच नव्हतं, त्याला प्रतिसाद कुठून द्यायचा?

साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सरच घेऊन गेले. अण्णांचा गळीत हंगाम चालू होता, त्यांना रजा नव्हती. रविवारी पहिली एसटी. नंबर निघाला उणे साडेतीन, दोन्ही डोळ्यांना. चष्मा तयार व्हायला आठवडा लागला, त्यामुळे पुन्हा एक रविवार. आणि काडी कानाला टोचत होती म्हणून तिसरा. चष्मा लावून दुकानाबाहेर आले तेव्हा समोरच्या गाडीवरची पाटी मला लांबूनच वाचता आली. मग मी सरांकडे बघितलं. त्यांच्या गालांवर, कपाळावर देवीचे वण होते, बारीक बारीक, भरपूर. शाळेतल्या सगळ्या पोरांना ते माहीत असणार. मी ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले आणि एकदम मान खाली घातली. सर म्हणाले, "काय झालं? टोचतंय का अजून?"

चष्म्याचे पैसे अण्णांनी सहा हप्त्यांत परत केले. सरांनी ते घेतले आणि प्रत्येक हप्ता वहीत जमा केला, तारखेसकट. अण्णांना हे फार आवडलं. "माणूस काट्यावरचा आहे," असं ते म्हणत, आणि त्यांच्या तोंडी यापेक्षा मोठी स्तुती नव्हती. पण तीन रविवारचं एसटीचं तिकीट त्या हिशेबात कुठंच नव्हतं. अण्णांनी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "माझं साताऱ्याला काम होतं." तीन रविवार लागोपाठ काय काम असणार? पण हिशेबी माणसाशी हिशेबावरून वाद घालायची अण्णांची तयारी नव्हती.

आता कुणाला वाटेल, चष्मा आला आणि मी खेळात चमकले. तसं काही झालं नाही. चष्मा घालून सूर मारता येत नाही. नाडीनं मागे बांधून पाहिला, तर नाकावर जखम झाली. मग सरांनीच वेगळा विचार केला. चष्मा काढ म्हणाले, आणि चौथ्या पाटीवर बस. बसलेल्या खेळाडूला खो मागून मिळतो. पाठीला हात लागतो आणि कानावर शब्द येतो. डोळ्यांचा संबंधच नाही. आणि उठल्यावर जिला गाठायची ती दोन-चार हातांवर असते, तेवढं मला दिसायचं. शिवाय आवाजाला आणि स्पर्शाला माणूस प्रकाशापेक्षा लवकर उठतो. डोळ्यानं पाहून बोट हलवायला साधारण 0.19 सेकंद लागत असेल, तर ऐकून 0.15 च्या आसपास पुरतात. हे माझं वैशिष्ट्य नव्हे, सगळ्यांचंच तसं असतं. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाशाचं विजेत रूपांतर व्हायला जास्त वेळ लागतो, कानातलं यंत्र त्या मानानं झटपट चालतं. सरांना हे कारण ठाऊक होतं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांना उपयोग ठाऊक होता.

खरी तालीम तिथून सुरू झाली. ‘बुलेट टो’मध्ये बसायचं, एक पाय पुढे, एक मागे, हात जमिनीला टेकलेले, वजन पुढच्या चवड्यावर. सर मागून यायचे. कधी लगेच खो द्यायचे, कधी चार-पाच सेकंद नुसते उभे राहायचे. त्यांच्या श्वासावरून, चपलेखालच्या खड्यांवरून अंदाज बांधून आम्ही उठायचो आणि फाउल व्हायचा, कारण खो मिळायच्या आधी उठलेलं चालत नाही. मग त्यांनी शब्द बदलायला सुरुवात केली. पाठीवर थाप मारून म्हणायचे, "खोबरं!" उठलेली मुलगी एक फेरी. "खोटं!" एक फेरी. "खोपोली!"

"सर, खोबऱ्यातही खो असतोच की!" आमची कर्णधार रडकुंडीला येऊन म्हणाली.

"असतो ना. पण सामन्यात खोबरं देत नाहीत."

महिनाभर आम्ही खोबऱ्यावरून फेऱ्या मारल्या. आधी सगळ्यांचं उठणं मंदावलं, कारण आता नुसतं ऐकून भागत नव्हतं, ऐकलेलं निवडावंही लागत होतं. मग हळूहळू ते परत जागेवर आलं. त्याच वहीत सर रोज विचारून आणखी एक रकाना भरत, "काल किती वाजता झोपलीस?" गावच्या यात्रेनंतरच्या सकाळी सगळ्यांचे आकडे वीस-बावीसच्या पुढे गेले, दोघींचे "सु." लागले. सरांनी त्या दिवशी खेळच घेतला नाही, सगळ्यांना घरी पाठवलं. थंडीतही पट्टी उशिरा सापडायची, म्हणून हात काखेत धरून गरम करायचे आणि मग ओट्यावर ठेवायचे.

पाच महिन्यांनी पुन्हा पट्टी झाली. माझी सरासरी आली सतरा. पाच महिन्यांत एक सेंटिमीटर! मी खट्टू झाले. सरांनी दोन पानं शेजारी शेजारी धरून दाखवली. आधीच्या पानावर माझे आकडे पंधरापासून सव्वीसपर्यंत उड्या मारत होते, मध्ये एक "सु." नव्या पानावर सोळा, सतरा, सतरा, अठरा, सतरा. "वेग एवढाच असतो," ते म्हणाले. "भरवसा वाढलाय."

जिल्ह्याला आम्ही उपांत्य सामन्यात एका गुणानं हरलो. माझा एकही फाउल नव्हता. बस.

पुढे पुण्याला मानसशास्त्र घेतलं. एवढं सोडून दुसरं घ्यायला काही सुचलंच नाही, असं म्हणते मी, आणि ते खोटं नाही. विभागाच्या प्रयोगशाळेत लाकडी चौकटीवर टांगलेले दोन लंबक होते. व्हर्निअर क्रोनोस्कोप म्हणत त्याला. लांब लंबकाचा झोका 0.80 सेकंदाचा, आखूडाचा 0.78 चा. प्रयोग घेणाऱ्यानं कळ दाबली की लांब लंबक सुटायचा, तो सुटलेला बघून आपण आपली कळ दाबली की आखूड सुटायचा. आखूड लंबक प्रत्येक झोक्यागणिक 0.02 सेकंद कमावत लांबाच्या जवळ जायचा. दोघे बरोबर एका रेषेत आले की थांबायचं, झोके मोजायचे आणि 0.02 नं गुणायचं. माझे दहा झोके झाले. सगळे गुणाकारात गुंतले होते आणि मी त्या दोन लंबकांकडे बघत बसले. एक दुसऱ्याला झोक्याझोक्यानं गाठत होता. शेजारणीच्या वहीत बघून उतरवणाऱ्या मुलीला याचं जरा जास्तच वाटणार.

तिथंच डेव्हिड किनब्रुक भेटला. ग्रिनिचच्या वेधशाळेतला मदतनीस. दुर्बिणीतल्या तारेवरून तारा सरकताना बघायचा, त्याच वेळी घड्याळाचे ठोके ऐकायचे आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्शापर्यंत वेळ लिहायची, हे त्याचं काम. त्याच्या वेळा मुख्य ज्योतिर्विद नेव्हिल मॅस्केलाइन यांच्या वेळांपेक्षा 0.8 सेकंदानं मागे यायला लागल्या. सावधगिरीची सूचना दिली, तरी फरक पडेना. 1796 मध्ये त्याला कामावरून काढून टाकलं. पुढे सुमारे दोन दशकांनी बेसेल या जर्मन ज्योतिर्विदानं ती नोंद वाचली आणि चांगल्या चांगल्या निरीक्षकांच्या वेळा एकमेकांशी ताडून पाहिल्या. कुणाच्याच जुळेनात. प्रत्येकाचा आपापला फरक होता. त्याला ‘पर्सनल इक्वेशन’ हे नाव पडलं आणि माणसाचा प्रतिसाद मोजण्याचं शास्त्र त्यातून वाढत गेलं.

आमचे प्राध्यापक हे गमतीनं सांगत होते. मला गंमत वाटेना. मला राग आला, तोही मॅस्केलाइनचा. किनब्रुकचा आकडा चूक आणि तुमचा बरोबर, हे कुणी ठरवलं? तुमच्या चिमटीत कुणी पट्टी सोडली होती? हे मी सरांना अंतर्देशीय पत्रात लिहून कळवलं. त्यांचं उत्तर चार ओळींचं. अक्षर बारीक झालंय, चष्म्याचा नंबर तपासून घे, एवढंच त्यात महत्त्वाचं होतं.

त्याआधीचं एक पत्र मी अजून जपून ठेवलंय. 1984 चा ऑगस्ट. लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचं 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतलं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या हिश्शानं हुकलं होतं. तिची वेळ 55.42, तिसऱ्या आलेल्या रुमानियाच्या धावपटूची 55.41. सगळा देश हळहळत होता. सरांच्या पत्रात हळहळ नव्हती. प्रश्न होता. "0.01 सेकंद म्हणजे आपल्या पट्टीवर किती?" मी कागदावर मांडलं. अठराच्या आसपास पट्टी सेकंदाला पावणेदोन-दोन मीटर वेगानं खाली येत असते, म्हणजे 0.01 सेकंदात जेमतेम दोन सेंटिमीटर. मी उत्तर पाठवलं. सरांचं उलट टपाली कार्ड आलं: "बरोबर. दोन सेंटिमीटर बघायला मिळत नाहीत लोकांना."

धावपटू बंदुकीनंतर 0.1 सेकंदाच्या आत हलला तर तो आवाज ऐकून निघालाच नसणार, असं आंतरराष्ट्रीय नियम धरतो. 2022 मध्ये यूजीनच्या जागतिक स्पर्धेत डेव्हन ॲलन नावाच्या अमेरिकी धावपटूला अडथळ्यांच्या अंतिम शर्यतीत 0.099 साठी बाद केलं. तेव्हा सर ऐंशीचे होते. त्यांचा फोन आला. "एक सहस्रांश? अगं, त्याची वही बघितली का कुणी?" मी म्हटलं, "सर, तिथं वही बघत नाहीत, यंत्र बघतात." ते बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "यंत्रानं मोजावंच. पण माणूस एका आकड्याचा नसतो."

त्यानंतरच्या दिवाळीत मी सरांकडे गेले. मुलाकडे राहतात आता, साताऱ्यातच. निवृत्तीला माझी तीन-चार वर्षं उरली होती. कॉलेजात दर जूनमध्ये नव्या मुलांना पहिलं प्रात्यक्षिक मी पट्टीचंच देते, लंबकांचं यंत्र आता कपाटावर धूळ खातंय, हे सगळं सांगून झालं. चहा झाला. सरांचा उजवा हात थोडा हलत होता, कपाबशी वाजत होती. त्यांनी ती खाली ठेवली आणि नातवाला हाक मारली. "पट्टी आण रे."

नातवानं कंपासपेटीतली आणली. सरांनी ती उलटसुलट बघितली. "ही पंधराची. हिच्यात काय सापडणार?" मग कुठून तरी तीसची निघाली, पारदर्शक, प्लास्टिकची. सरांनी कोपर खुर्चीच्या हातावर टेकवलं, मनगट बाहेर काढलं, चिमटी उघडली. शून्य त्यांच्या अंगठ्याच्या कडेला लावताना मला दोनदा चुकल्यासारखं झालं, कारण अंगठा जागेवर राहत नव्हता.

मी सोडली. पट्टी फरशीवर पडली.

"राहू दे सर, पुन्हा घेऊ या."

"लिही."

वीजबिलाच्या पाठीवर मी "सु." लिहिलं. दुसरी पट्टीही सुटली, तीही लिहिली. तिसरी त्यांनी अगदी वरच्या टोकाला, एकोणतिसावर पकडली आणि लहान मुलासारखं नातवाकडे बघितलं.

"आता तू बस."

मी बसले. सरांच्या हातात पट्टी सोडायच्या आधीपासूनच थरथरत होती. त्या थरथरीतून सुटणं वेगळं ओळखायचं होतं. खोबऱ्यातून खो. मी पकडली, चष्मा कपाळावर सरकवला आणि आकडा बघितला.

"बावीस."

"चष्मा लावून वाच."

"सर, जवळचं वाचायला आता काढावाच लागतो."

सरांनी मान डोलावली. मग बिलाकडे बोट दाखवून म्हणाले, "बरं. मग काढून नीट वाच."

मी पट्टी डोळ्यांजवळ नेली. तेवीस होते.